तीस दिवसांच्या आत

लानेली, गुरुवार, १८ जानेवारी २००७

नेस्टा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. दोन वर्षांत तुझं नाव कागदावर लिहिलेलं नाही. पत्ता चॅपलमधल्या मेगनबाईंनी दिला. नाताळचं कार्ड त्यांना पाठवलंस म्हणे. मला पाठवलं नाहीस, ते बरोबरच आहे.

हे पत्र समेटासाठी नाही, तेवढं आधी सांगते. काम आहे म्हणून लिहितेय.

मी बँकेवर दावा लावणार आहे. म्हणजे तुझ्याच बँकेवर. तू ती सोडून होलीहेडला गेलीस तरी माझ्या तोंडी ती अजून तुझीच बँक आहे. दर गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीत हेडन प्रॉबर्ट म्हणून एक गृहस्थ बसतात. पत्र्याच्या कारखान्यात युनियनचे होते, आता फुकट सल्ला देतात. त्यांच्यासमोर नेहमी दहा-बारा माणसं असतात आणि सगळ्यांच्या हातात बँकेची पत्रं. ते म्हणाले, सगळं क्रमाने लिहून काढा, वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं समजून. तर तुझ्यावरच सराव करते.

१९ ऑक्टोबर २००१ ला एम्लिन आणि मी, दोघांच्या नावावर, नऊ हजार पौंडांचं कर्ज घेतलं. त्याच्या व्हॅनसाठी आणि आपल्या गळक्या छपरासाठी. टेबलापलीकडे माझी सख्खी धाकटी बहीण होती. तिने कर्जाबरोबर विमा काढायला लावला. दुखणं आलं, काम सुटलं तर हप्ते विमा भरेल असा. त्याचे दोन हजार दोनशे सत्तर पौंड कर्जातच मिळवले आणि त्यावरही व्याज. एम्लिनने विचारलं होतं, "मी गिलाव्याची कामं घेणारा माणूस, कुणाच्या नोकरीत नाही. मला चालेल ना हा?" तू म्हणालीस, "विम्याशिवाय कॉम्प्युटर कर्ज पुढे सरकूच देत नाही." त्याने विचारलं एक, तू उत्तर दिलंस दुसऱ्याच प्रश्नाचं. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही.

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. त्या दिवशी टेबलाशी काय बोलणं झालं ते लिहून सही करून पाठव. त्या दिवसाचंच. पुढचं काही लिहायची गरज नाही.

टपालाचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

ओल्वेन


लानेली, रविवार, ४ मार्च

नेस्टा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही, पण सकाळी दारात टपाल पडलं की पाय तिकडे वळतात.

बँकेचं उत्तर मात्र आलं. छान कागद आहे, जाड. आपली गैरसोय झाली याचा आम्हाला खेद आहे, वगैरे. सदिच्छा म्हणून एकशे ऐंशी पौंड देऊ करतायत, पुढे काही मागणार नाही असं लिहून दिलं तर. हेडनना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "चोखलेली गोळी परत देतायत, मिसेस बेनन. आणि वर 'थँक यू' म्हणायला सांगतायत."

खरं तर ते एकशे ऐंशी घ्यावेत असं दोन दिवस वाटत होतं. मी दमले आहे गं. शाळेच्या स्वयंपाकघरात आता नवे नियम आलेत, तळलेलं बंद, मीठ टेबलावर ठेवायचं नाही, कस्टर्डला साखर मोजून. दोनशे पोरांना ब्रोकोली खाऊ घालून घरी आलं की कोट काढायचंही जिवावर येतं. त्यात हे फॉर्म.

पण पत्राचं दुसरं पान वाचलं आणि झोप उडाली. तिथे लिहिलंय की विमा घेतलाच पाहिजे असं सांगायला आमच्या कर्मचाऱ्यांना सक्त मनाई होती, आणि एखाद्या कर्मचाऱ्याने तसं सांगितलं असेल तर ते तिने स्वतःच्या जबाबदारीवर, प्रशिक्षणाच्या विरुद्ध जाऊन केलं असावं.

'तिने' असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कोण ते त्यांना ठाऊक आहे.

मी सिंकपाशी उभी राहून ते तीनदा वाचलं. स्वतःच्या जबाबदारीवर म्हणे! शुक्रवारी संध्याकाळी तू आपल्या घरी यायचीस ते मला आठवतंय. कोट न काढता खुर्चीत बसायचीस. मागच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यांची नावं, समोर कुणी किती विमे विकले त्याचे आकडे, आणि ज्याचे सगळ्यांत कमी त्याच्या टेबलावर आठवडाभर ते लोकरीचं गाढव. बावीस वर्षं नोकरी केलेली बाई तू, आणि तुझ्या टेबलावर गाढव. एम्लिनने ते चोरून नदीत फेकायचं ठरवलं होतं, आठवतं? तेव्हा आपण तिघंही हसलो होतो.

मी तुला काय वाटेल ते बोलेन, तो माझा हक्क आहे. त्यांना कुणी दिला?

एकशे ऐंशी पौंड नकोत म्हणून कळवलं.

ओल्वेन


लानेली, मंगळवार, २२ मे

नेस्टा,

आज दावा दाखल केला. काउंटी कोर्टाच्या खिडकीत फी भरली, बाईने शिक्का मारला, संपलं. मला वाटलं होतं कुणीतरी काही विचारेल. तिने फक्त पेनाचं टोपण परत मागितलं.

दाव्यात दोन गोष्टी आहेत. एक, विम्याचे पैसे व्याजासकट. दोन, दंड. खात्यात हप्त्याला बारा पौंड कमी पडले म्हणून पस्तीस पौंडांचा दंड, त्या दंडामुळे पुढचा हप्ता परत, म्हणून आणखी पस्तीस. असे एक्केचाळीस दंड. हेडननी यादी केली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. प्रत्येक तारखेला घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक आहे.

एम्लिन पडला तो मार्च २००३ मध्ये. बरी पोर्ट गावाकडच्या एका घराचं छत करत होता, फळी सरकली. खांदा आणि पाठ. तुला ठाऊक आहे, कुणाच्याही घरी गेला की तो आधी छताकडे बघायचा आणि मग माणसांकडे. पुढची दोन वर्षं बहुतेक वेळ पाठीवर पडून त्याला एकच छत बघायला मिळालं, तेही त्यानेच केलेलं. म्हणायचा, "त्या कोपऱ्यात घाई केली मी. कोणी बघणार नाही असं वाटलं होतं."

विमा कंपनीने सांगितलं, स्वतःचा धंदा असणाऱ्याने धंदा कायमचा गुंडाळला असेल तरच पैसे मिळतात. म्हणजे हत्यारं विका, नाव काढून टाका, मग या. तो म्हणाला, "मी बरा होणार आहे की. गुंडाळू कसा?" म्हणून पैसे नाहीत. व्हॅन गेली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या उन्हाळ्यात तो एकटाच, हात झोळीत बांधून, बँकेत आला होता. तुझ्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली आणि तू काचेमागे 'बंद'ची पाटी ठेवलीस.

घरी येऊन मला म्हणाला, "रडत होती बिचारी. पाटी धरता येत नव्हती तिला. तू तिला काही बोलू नकोस हं, ओल्वेन."

तू त्याच्या तोंडावर खिडकी बंद केलीस एवढंच मी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. त्याने पुढे काय म्हटलं ते नाही.

आज लिहिलं. का ते विचारू नकोस.

ओल्वेन


लानेली, गुरुवार, ९ ऑगस्ट

नेस्टा,

दाव्यातला दंडाचा भाग अडकला. लंडनमध्ये सगळ्या मोठ्या बँकांचा मिळून एक खटला उभा राहिलाय, त्याचा निकाल लागेपर्यंत देशातले दंडाचे सगळे दावे थांबवले. लायब्ररीतल्या रांगेत आज हेडन प्रत्येकाला तेच सांगत होते आणि प्रत्येकाला बसायला खुर्ची देत होते.

विम्याचा भाग मात्र चालणार आहे. सुनावणी गुरुवारी ११ ऑक्टोबरला, सकाळी साडेदहाला. हेडन म्हणतात, माझा शब्द विरुद्ध त्यांचा कागद, आणि कागदावर आमच्या सह्या आहेत. टेबलापलीकडचं माणूस बोललं तरच काही होईल. जबाबाचा कोरा फॉर्म सोबत ठेवलाय. तू बँकेच्या नोकरीत नाहीस, तुला कुणी काही करू शकत नाही असं ते म्हणाले.

मला माहीत आहे तू का लिहीत नाहीस. एम्लिनला पुरून आल्यावर चॅपलच्या मागच्या खोलीत, चहा चालू असताना, सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "माझा नवरा विकून खाल्लास तू." तुझ्या हातात सँडविचचं ताट होतं. तू ते टेबलावर नीट ठेवलंस, एका बाजूचा ब्रेड घसरला होता तो सरळ केलास आणि निघून गेलीस. दुःखात माणूस काहीही बोलतं. ते शब्द मनावर घेऊ नयेत.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी अठराची. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझे शाळेचे मोजे मी रफू केले. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता हे मागतेय.

पुन्हा सांगते, फक्त १९ ऑक्टोबरचं लिहायचं. त्यानंतर आपल्यात घरी काय बोलणं झालं, झालं नाही, त्याचा कोर्टाशी संबंध नाही.

ओल्वेन


लानेली, बुधवार, १२ सप्टेंबर

नेस्टा,

काल हेडन घरी आले. गुरुवार नसताना, आणि घरी, म्हणजे काहीतरी आहे हे मी ओळखलं. चहा दिला. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"तुमच्या बहिणीचा फोन होता," ते म्हणाले.

मला वाटलं तू आजारी आहेस. खरंच, पहिलं तेच मनात आलं.

"जबाब लिहायला तयार आहेत त्या. पण म्हणाल्या, लिहीन तर सगळं लिहीन. अर्धं लिहून सही करणार नाही. आणि म्हणाल्या, 'ओल्वेनला विचारा, तिला सगळं हवंय का.'"

मी त्यांचा कप सिंकमध्ये नेऊन ठेवला. ते म्हणाले, "मिसेस बेनन, चाळीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहिल्या. प्रत्येक तक्रारीत एक ओळ माणूस गाळतं. माझं काम ती ओळ विचारायचं. तुमची मी विचारली नाही, ती माझी चूक."

मी म्हणाले मला विचार करायला वेळ द्या. ते म्हणाले घ्या, पण टपालाला दोन दिवस लागतात.

तर ती ओळ अशी. तुला ठाऊकच आहे. पण मी ती कधी लिहिलेली नाही, म्हणून लिहिते.

कर्जाला आठ-नऊ दिवस झाले होते. तू स्वयंपाकघराच्या दाराने आलीस, हातात शिंपल्यांची पिशवी. एम्लिन कामावर होता. तू बसली नाहीस. म्हणालीस, "तो विमा रद्द करून टाक, ओल्वेन. तीस दिवसांच्या आत नुसतं पत्र टाकलं की रद्द होतो, पैसे परत. एम्लिनसारख्या माणसाला तो काही देणार नाही, मी बारीक अक्षरांतलं वाचलंय. मी सांगितलं म्हणून मात्र कुठे बोलू नकोस." आणि पिशवी सिंकमध्ये ठेवून गेलीस.

मी पत्र टाकलं नाही.

तुला वाटलं असणार मी विसरले. किंवा आळस केला. आणि मग माझाच आळस तुझ्या माथी मारून सगळ्यांसमोर तुला खुनी ठरवलं. तू एका शब्दाने उलटून बोलली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर ते ताट फेकून मारलं असतं.

मी विसरले नव्हते. पत्र लिहिलं होतं. पाकिटात घालून तिकीटही लावलं होतं. पण त्याच्या आधीच्या शुक्रवारी तू सांगितलं होतंस की तुला शेवटची ताकीद मिळालीय. विकलेला विमा रद्द झाला की तो तुझ्या नावापुढून वजा होतो, आणि आणखी एक वजा झाला तर नोकरी जाणार. तुझा ग्विलिम संसार मोडून गेला होता. घरभाडं तू एकटी भरत होतीस. मी सिंकपाशी उभी राहून हिशेब केला. एका पारड्यात तुझी नोकरी. दुसऱ्यात एम्लिन, ज्याने बावन्न वर्षांत सर्दीसाठी सुद्धा सुट्टी घेतली नव्हती. मला ते सोपं वाटलं. मी पत्र चुलीत घातलं.

एम्लिनला सांगितलं नाही. आधी नाही, तो पडल्यावर नाही, कंपनीने नकार दिला तेव्हा नाही. तो पडल्या पडल्या म्हणायचा, "आपल्याला कोण सांगणार होतं गं?" आणि मी म्हणायचे, "कोण सांगणार."

तो गेल्यावर हे ओझं कुणावर तरी टाकायला हवं होतं. तू समोर उभी होतीस, ताट धरून.

हेडनना आज सकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे बाहेर आलं तर दावा हरू शकतो, हे तुम्हाला कळतंय ना?" मी म्हणाले, कळतंय.

सगळं लिही.

ओल्वेन


लानेली, शुक्रवार, १२ ऑक्टोबर

नेस्टा,

तुझा जबाब वेळेत पोचला. दोन पानं, तेच तुझं बँकेतलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी तो कोर्टाच्या बाकावर बसून वाचला. तू आली नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कोर्ट म्हणजे एक साधी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. न्यायाधीश कोट-टायमधले, साठीचे, नाकात बोलणारे, सर्दी झालेले. ना टोप, ना झगा. बँकेने कार्डिफहून वकील पाठवली होती, तिशीची असेल. तिच्या बुटांना नवेपणाचा वास येत होता. सभ्य होती. हेडन माझ्या शेजारी बसले, त्यांना बोलायची परवानगी होती, पण फारसं बोलावं लागलं नाही.

वकिलीणबाईंनी आधी सह्या दाखवल्या. मग तुझ्या जबाबाचं दुसरं पान उचललं.

"मिसेस बेनन, तुमची बहीण म्हणते की तिने तीस दिवसांच्या मुदतीत तुम्हाला सावध केलं होतं. हे खरं आहे?"

"खरं आहे."

"म्हणजे हा विमा तुमच्या पतीच्या उपयोगाचा नाही हे तुम्हाला माहीत होतं. तो विनाखर्च रद्द करता येतो हेही माहीत होतं. आणि तुम्ही केला नाहीत."

"नाही केला."

तिने कागद खाली ठेवला. तिला वाटलं झालं. मलाही वाटलं झालं. न्यायाधीशांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि विचारलं, "का नाही केला?"

मी सांगितलं. गाढवापासून सगळं. मध्ये एकदा मला थांबावं लागलं, त्यांनी स्वतः उठून पाणी ओतलं. वकिलीणबाई खाली बघत होत्या. त्यांच्याही फर्ममध्ये फळा असेल, कोण जाणे.

मग न्यायाधीशांनी बँकेला विचारलं, तुमच्या शाखेत असा फळा होता का. वकिलीणबाईंकडे त्याबद्दल बँकेच्या सूचना नव्हत्या. त्यांनी विचारलं, विकणाऱ्या बाईला दहा दिवसांच्या आतच कळलं होतं की वस्तू निरुपयोगी आहे, आणि हे ती फक्त चोरून, स्वयंपाकघराच्या दाराने सांगू शकत होती, याचा अर्थ बँक काय लावते. त्यावरही सूचना नव्हत्या.

निकाल त्यांनी तिथेच सांगितला. विमा आमच्यावर लादला गेला हे सिद्ध झालं, त्याचे दोन हजार दोनशे सत्तर पौंड बँकेने परत करायचे, कोर्टाची फीही द्यायची. व्याज मात्र नाही.

मग थेट माझ्याकडे बघून बोलले. आवाज चढवला नाही. "मिसेस बेनन, चूक बँकेची होती. पण ती थांबवायची संधी तुमच्या हातात आली होती आणि तुम्ही जाणूनबुजून ती सोडलीत. का सोडलीत ते मी ऐकलं. त्याने तुमच्याबद्दलचं माझं मत वाईट होत नाही. पण त्यानंतर जे वाढत गेलं, त्यातला वाटा तुमचा आहे. तो मी बँकेवर टाकू शकत नाही."

हेडन बाहेर आल्यावर चिडले होते. व्याज म्हणजे जवळजवळ अर्धा दावा. अपील करू म्हणाले. मी नको म्हणाले.

नेस्टा, चॅपलमधली माणसं दोन वर्षं मला सांगतायत, तुझा काही दोष नाही, बाई. डॉक्टरांनी सांगितलं, पाद्रीबाबांनी सांगितलं. प्रत्येक वेळी मला आणखी एकटं वाटायचं. काल एका सर्दी झालेल्या माणसाने माझा वाटा किती ते मोजून सांगितलं, आणि मी इतकी वर्षं उचलत होते त्यापेक्षा तो कमी निघाला.

घरी येऊन कोटासकट झोपले. सकाळी सातला जाग आली.

चॅपलमध्ये मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते. म्हणून या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, तिथेच उभं राहून खरं काय ते सांगणार आहे. तू तिथे नसशील, पण मेगनबाई असतील. त्या कळवतीलच.

ओल्वेन


लानेली, रविवार, ४ नोव्हेंबर

प्रिय नेस्टा,

तुझं पत्र आलं. हेडनमार्फत नाही, थेट. दारात पालथं पडलं होतं, मागच्या बाजूला होलीहेडचा पत्ता बघून मी तशीच जिन्यावर बसले.

मला वाटलं होतं तू लिहिशील, 'एवढं माझ्यासाठी केलंस आणि मला सांगितलंही नाहीस.' खोटं कशाला बोलू, असं वाचायची तयारी करून मी पाकीट फोडलं. आणि तू लिहिलंयस, 'तुला विचारलं कोणी होतं?'

मग पुढचं सगळं पान. की ताकिदीचं मला रडत सांगितलंस ते रडायचं होतं म्हणून, मी काही करावं म्हणून नाही. की त्या नोकरीतून सुटायची वाट बघत होतीस. की मला सावध करायला तू नोकरी पणाला लावून माझ्या दाराशी आलीस, आणि मी तुझा तो एकुलता एक धीट निर्णय चुलीत घातला. की गाढवाबरोबर आणखी चार वर्षं काढलीस, तीही माझ्या कृपेने. की काचेमागे पाटी ठेवलीस तेव्हा एम्लिनकडे बघवत नव्हतं, कारण तुला वाटत होतं की मी त्याला सांगितलंय आणि सावध करूनही त्याने स्वतः ऐकलं नाही, आणि तरी तो तुझ्याकडे बघून हसत होता.

'मी नऊ वर्षांची नाही, ओल्वेन. चौपन्नाव्या वर्षात आहे. माझ्या वतीने ठरवणं बंद कर.'

पहिल्यांदा वाचून मी कपाट आवरायला घेतलं. रागच आला. मोजे रफू केले, वेण्या घातल्या, हे सगळं पुन्हा मनात म्हणून झालं. दुपारी परत वाचलं. काल परत.

तुझं बरोबर आहे.

मी तुझ्यासाठी ठरवलं, एम्लिनसाठी ठरवलं, आणि दोघांनाही सांगितलं नाही. त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता मला ठाऊक आहे. म्हणाला असता, "राहू दे की गं विमा, पोरीची नोकरी जाईल." हेच म्हणाला असता. पण ते त्याचं म्हणणं झालं असतं, आणि पडल्यावर छताकडे बघताना आपण हे का सोसतोय ते त्याला कळलं असतं. तेवढंही मी त्याला दिलं नाही. याची माफी मागायला माणूस उरलेलं नाही. तू उरली आहेस, म्हणून तुझी मागते. नुसत्या चॅपलमधल्या शब्दांची नाही. त्या पत्राचीही.

बँकेचा चेक आला. वसुलीवाल्यांचं जे थोडं राहिलं होतं ते फेडलं. उरलेल्या पैशांत काय करायचं ते मी ठरवलं होतं, तुला निम्मे पाठवायचे. पाकीट लिहून झालं होतं. मग तुझं पत्र समोर ठेवलं आणि पाकीट फाडलं. तर विचारते: निम्मे पाठवू का? नको असतील तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुला दाखवणार नाही. नाही, तेही चुकलं. वाईट वाटलं तर लिहीन.

त्या रविवारी चॅपलमध्ये बोलले ते मेगनबाईंनी तुला कळवलंच आहे. ऑर्गनवाल्या मिस्टर रीसनी मला घरापर्यंत सोडलं आणि वाटेत पूर्ण वेळ त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. फार बरं वाटलं.

शाळेला नाताळची सुट्टी लागते ती एकवीस डिसेंबरला. कार्डिफला गाडी बदलली की थेट होलीहेडपर्यंत जाते, मी स्टेशनवर चौकशी केली. तिकीट काढलेलं नाही. हातात पैसे होते, खिडकीवरचा माणूस विचारत होता, जायचं-यायचं की नुसतं जायचं, आणि मी म्हणाले, अजून विचारलेलं नाही.

म्हणून विचारते.

येऊ का?

ओल्वेन